निपुत्रिकतेचा कोल्हापुरी इतिहास: दत्तकापासून थायरॉईडच्या तपासणीपर्यंत

कोल्हापूरच्या छत्रपती घराण्यात १७६२ ते १९६२ या दोनशे वर्षांत सात वेळा दत्तक घेतले गेले: १७६२, १८६६, १८७१, १८८४, १९४२, १९४७ आणि १९६२. घराण्याला वारस नसणे ही आपत्ती समाजाने किती गांभीर्याने घेतली आणि तिच्यासाठी किती पक्की व्यवस्था उभी केली, याचा हा ठळक पुरावा आहे. सामान्य घरांतही हीच वाट होती. तिच्या जोडीला देवाला नवस आणि पुरुषाचे दुसरे लग्न हे आणखी दोन मार्ग होते. या तिन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे. मूल का होत नाही, याचे कारण पुरुषाच्या शरीरात असू शकते, हा प्रश्न त्यांपैकी एकातही विचारला जात नाही. तो प्रश्न विचारणारा चौथा मार्ग, म्हणजे वैद्यकीय तपासणी, सर्वांत शेवटी आला. गळ्यातील थायरॉईड ग्रंथी आणि पुरुषाची जननक्षमता यांचा संबंध हा त्या चौथ्या मार्गावरचा एक महत्त्वाचा टप्पा आहे.

गादी आणि दत्तक

करवीर राज्याचे छत्रपती संभाजी १७६० मध्ये वारले तेव्हा त्यांना मुलगा नव्हता. त्यांच्या पत्नी जिजाबाई यांनी राज्य वाचवण्यासाठी दत्तकाचा आग्रह धरला. पुण्याच्या पेशव्यांना सातारा आणि कोल्हापूर ही दोन्ही राज्ये एक करण्याची संधी गादी रिकामी होण्यात दिसत होती. अखेर माधवराव पेशव्यांच्या काळात, १७६२ मध्ये, खानवटकर भोसले घराण्यातील मुलगा दत्तक घेण्यात आला आणि शिवाजी या नावाने गादीवर बसला. जिजाबाईंनी १७७३ पर्यंत त्याच्या नावाने कारभार पाहिला. दत्तकामुळे राज्य टिकले, हा अनुभव कोल्हापूरने तेव्हाच घेतला.

दत्तक नाकारले गेले तर काय होते, हे पुढच्या शतकात महाराष्ट्राने पाहिले. लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर करून १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये नागपूर खालसा केले. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हे धोरण सोडले आणि १८६२ च्या सनदांनी संस्थानिकांचा दत्तकाचा हक्क मान्य केला. त्यानंतर कोल्हापुरात अठरा वर्षांत तीन दत्तके झाली. बाबासाहेब महाराजांनी १८६६ मध्ये आपल्या बहिणीचा मुलगा दत्तक घेतला. हे राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे वयाच्या विसाव्या वर्षी वारले. १८७१ मध्ये दत्तक आलेले चौथे शिवाजी १८८३ मध्ये अहमदनगर येथे, तेही विसाव्या वर्षीच, मरण पावले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील नऊ वर्षांचे यशवंतराव यांना दत्तक घेतले. तेच राजर्षी शाहू महाराज होत.

शाहू महाराजांचे पुत्र राजाराम १९४० मध्ये वारले. त्यांच्या पत्नी महाराणी ताराबाई यांनी १९४२ मध्ये घेतलेला दत्तक पुत्र १९४६ मध्ये लहानपणीच गेला. १९४७ मध्ये देवास थोरली पाती संस्थानाचे विक्रमसिंहराव पवार, म्हणजे शाहू महाराजांच्या कन्येचे पुत्र, शहाजी या नावाने कोल्हापूरला दत्तक आले. त्यांनी १९६२ मध्ये आपल्या मुलीचा मुलगा दत्तक घेतला.

या घटनाक्रमात अकाली मृत्यूचा वाटा मोठा आहे आणि प्रत्येक दत्तकामागे वंध्यत्वच होते असे मानणे चूक ठरेल. दत्तकविधीला कारणाची गरजच नव्हती. मूल का नाही हे न विचारता वारस कोण हे ठरवणे, हेच त्याचे सामर्थ्य होते.

कायदा, चाल आणि नवस

महाराष्ट्रात दत्तकाचा कायदा नीलकंठ भट्टाच्या व्यवहारमयूखाला मानून चाले. बंगालमध्ये विधवेला दत्तक घेण्यासाठी पतीने हयातीत दिलेली परवानगी लागे. महाराष्ट्र शाखेत तशी अट नव्हती. त्यामुळेच जिजाबाई, आनंदीबाई आणि ताराबाई यांच्या हाती राज्याचे भवितव्य आले. मुलाला त्याच्या जन्मदात्यांनी प्रत्यक्ष देणे आणि दत्तक घेणाऱ्यांनी प्रत्यक्ष घेणे हा विधीचा गाभा होता. अनेक घराण्यांत त्याला दत्तहोमाची जोड असे. पाटील-कुलकर्ण्यांची वतने, इनाम जमिनी आणि भाऊबंदकीचे वाद यांमुळे गावोगावी दत्तक हा जिव्हाळ्याचा विषय राहिला. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने दत्तहोमाची आवश्यकता काढून टाकली आणि मुलगी दत्तक घेण्यास कायदेशीर वाट करून दिली.

विधवेला कायद्याने दिलेला हा अधिकार सधवेच्या वाट्याला मात्र आला नाही. लग्नानंतर काही वर्षांत पाळणा हलला नाही की दोष बायकोचा ठरे. वांझ हा शब्द फक्त तिच्यासाठी होता. तिला डोहाळजेवणाला, बारशाला बोलावणे टाळले जाई. नवऱ्याला दुसरे लग्न सुचवले जाई आणि दुसऱ्या बायकोलाही मूल झाले नाही तर तिसरीचा विचार होई. एकाच पुरुषाच्या दोन-तीन बायकांना मूल होत नाही, याचा उघड अर्थ कुणी मोठ्याने बोलत नसे.

नवसाची वाट याच दु:खातून निघाली. करवीरनिवासिनी अंबाबाई, वाडी रत्नागिरीचा जोतिबा आणि सौंदत्तीची यल्लम्मा ही कोल्हापूरकरांची मोठी श्रद्धास्थाने. मूल व्हावे म्हणून देवीची ओटी भरणे निरुपद्रवी होते. परंतु झालेले मूल देवाला वाहीन, असा नवस यल्लम्मा आणि खंडोबा यांच्या काही भक्तांत बोलला जाई आणि त्यातून जोगतिणी व मुरळ्या म्हणून मुलींची आयुष्ये देवाच्या नावाने बांधली जात. आईबापांच्या निपुत्रिकतेची किंमत अशा रीतीने पोटच्या लेकीने चुकवली. शाहू महाराजांनी १९२० मध्ये कायदा करून आपल्या संस्थानात या प्रथेला बंदी केली. त्यांच्या सामाजिक कायद्यांत याचे मोल फार मोठे आहे.

मुलगाच हवा या हट्टाचा पुढचा अवतार विज्ञानाच्या आडून, गर्भलिंगचाचणीच्या रूपाने, आला. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलग्यांमागे केवळ ८३९ मुली होत्या.

तालीम आणि पुरुषत्व

पुरुषाची तपासणी का झाली नाही, याचे उत्तर कोल्हापुरात तालमीतही शोधावे लागते. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबागचे मैदान खुले झाले. गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग या तालमींनी देशभर नाव मिळवले. जोर, बैठका, दूध, तूप, बदामाची थंडाई आणि ब्रह्मचर्य हा पैलवानाचा नेम. या शिस्तीने पिढ्यान्‌पिढ्या निर्व्यसनी आणि निरोगी तरुण घडवले, हे तिचे यश आहे.

पण तिच्यासोबत एक समजूतही रुजली. वीर्य म्हणजेच बळ, आणि बळकट शरीर म्हणजे हमखास संतती. वैद्यकाच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. स्नायूंची ताकद आणि शुक्राणूंची संख्या यांचा थेट संबंध नाही. शरीरसंबंध व्यवस्थित होणे आणि वीर्यात पुरेसे सुदृढ शुक्राणू असणे याही दोन स्वतंत्र बाबी आहेत. धडधाकट दिसणाऱ्या पुरुषाच्या वीर्यात एकही शुक्राणू नसू शकतो. ही माहिती नसल्यामुळे पुरुषाची तपासणी म्हणजे त्याच्या मर्दानगीवर संशय, असे मानले गेले आणि ती टाळली गेली.

जुन्या ग्रंथांनी सांगितलेले

भारतीय परंपरेला पुरुषातील दोष ठाऊकच नव्हते असे नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण हे एक संपूर्ण अंग पुरुषाच्या जननसामर्थ्याला वाहिलेले आहे. सुश्रुतसंहितेत दूषित शुक्राचे प्रकार सांगितले आहेत आणि क्षीण शुक्राचा त्यात समावेश आहे. चरकसंहितेत क्लैब्याचे, म्हणजे नपुंसकत्वाचे, चार प्रकार येतात. त्यांत बीजाच्या नाशामुळे येणारे क्लैब्य आणि शुक्रक्षयामुळे येणारे क्लैब्य यांची वेगळी नोंद आहे. नारदस्मृतीत संतती देण्यास असमर्थ पुरुषांचे चौदा प्रकार दिलेले आहेत. पतीचे क्लैब्य ही स्त्रीवरची आपत्ती मानून तिला दुसरा पती करण्याची मुभा देणारे स्मृतिवचनही होते.

गळ्याच्या ग्रंथीची वाढही याच ग्रंथांनी नोंदवली. सुश्रुताने गलगंडाचे वातज, कफज आणि मेदोज असे भेद केले, तर चरकाने गलगंड कफाच्या विकारांत गणला. गळ्यावरची गाठ आणि संततीचा अभाव या दोन्ही गोष्टी जुन्या वैद्यांना स्वतंत्रपणे माहीत होत्या. त्यांना जोडणारा धागा, म्हणजे रक्तातून वाहणारे संप्रेरक, सापडायला एकोणिसावे शतक संपत यावे लागले. दरम्यान पुरुषदोषांविषयीचे शास्त्रवचन पोथीत राहिले आणि व्यवहारात सारा भार स्त्रीवर पडला.

थोरला दवाखाना

आधुनिक वैद्यक कोल्हापुरात रुजले ते प्रामुख्याने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या रूपाने. आज ते छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजेच सीपीआर, या नावाने ओळखले जाते. जुने कोल्हापूरकर त्याला थोरला दवाखाना म्हणत. या रुग्णालयाच्या स्त्रीविभागाच्या प्रमुखपदी कोल्हापूर संस्थानाने १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांची नेमणूक केली. पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या वर्षी मार्चमध्ये त्या पदवीधर झाल्या होत्या आणि त्यांचा प्रबंध प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. क्षयाने ग्रासलेल्या आनंदीबाई त्या पदावर रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुढे शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी याच रुग्णालयात स्त्रियांची सेवा केली. शेजारच्या मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय सुरू केले आणि दक्षिण महाराष्ट्राला शस्त्रक्रियेचे मोठे केंद्र मिळाले.

बाळंतपणात होणारे मृत्यू पाहता स्त्रियांसाठी वेगळा विभाग आणि स्त्री डॉक्टर ही त्या काळाची खरी गरज होती. मात्र त्यामुळे संतती हा विषय स्त्रीविभागाचा ठरला. मूल होत नाही म्हणून दवाखान्याची पायरी चढायची ती बाईने, हा रिवाज पक्का झाला आणि तो अजून पुरता मोडलेला नाही.

ग्रंथींचे शास्त्र

युरोपात याच काळात ग्रंथींचे शास्त्र आकार घेत होते. शुक्राणू सूक्ष्मदर्शकाखाली १६७७ मध्येच लेव्हेनहूक यांनी पाहिले होते. थायरॉईडचे काम मात्र दोनशे वर्षांनी उलगडले. लंडनचे विल्यम गल यांनी १८७३ मध्ये थायरॉईड मंदावल्यावर प्रौढांत दिसणाऱ्या आजाराचे वर्णन केले. स्वित्झर्लंडमधील बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर यांना थायरॉईडवरील कामासाठी १९०९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. संपूर्ण ग्रंथी काढून टाकली की माणूस सुजतो, सुस्तावतो आणि मंद होतो, हे त्यांच्या रुग्णांतून स्पष्ट झाले.

पुरुषत्व आणि थायरॉईड यांचे उपचार दोन वर्षांच्या अंतराने एकाच कल्पनेतून जन्मले. ग्रंथीचा अर्क देऊन तिची उणीव भरून काढता येईल, ही ती कल्पना. १८८९ मध्ये पॅरिसचे ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून तारुण्य परत आल्याचा दावा केला. तो टिकला नाही. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका रुग्णेला दिला आणि ती बरी झाली. तो उपचार टिकला. अमेरिकेत एडवर्ड केंडाल यांनी १९१४ मध्ये थायरॉक्सिन हे थायरॉईडचे संप्रेरक वेगळे केले आणि १९२० च्या दशकात ते प्रयोगशाळेत तयार करता आले. आज लाखो लोक रोज सकाळी घेतात ती थायरॉईडची गोळी याच शोधाची देणगी आहे. धातुपौष्टिक औषधांच्या जाहिरातींनी मराठी वृत्तपत्रांचे रकाने मात्र पहिल्या, फसलेल्या कल्पनेवरच भरत राहिले.

मीठ आणि आयोडीन

थायरॉईडला आपले संप्रेरक बनवण्यासाठी आयोडीन लागते. प्रौढाची रोजची गरज अवघी १५० मायक्रोग्रॅम आहे. डोंगराळ, अतिपावसाच्या आणि पुराच्या प्रदेशांत मातीतील आयोडीन वाहून जाते आणि त्या मातीतील धान्य-भाजीपाल्यात ते कमी उतरते.

कोल्हापूरला मीठ येई ते कोकणातून, फोंडा, आंबोली, बावडा या घाटवाटांनी, बैलांच्या पाठीवर आणि पुढे गाड्यांनी. त्याच किनाऱ्यावरील शिरोड्याच्या मिठागरांत मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. समुद्राचे मीठ म्हणजे आयोडीन भरपूर, असा समज सर्वत्र आहे. वस्तुतः उन्हात वाळवलेल्या साध्या मिठात आयोडीन फारच थोडे उरते. ते वरून मिसळावे लागते. समुद्रातील मासे, दूध आणि अंडी यांतून त्याचा काही पुरवठा होतो.

आयोडीनच्या अभावातून गलगंड होतो. गिलगिट भागातील गलगंडाचा अभ्यास रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केला. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला आणि गलगंड कमी होतो हे सिद्ध केले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आयोडीनचा अभाव हिमालयाच्या पायथ्यापुरता मर्यादित नाही, हे पुढील पाहण्यांतून दिसल्यावर सर्वांसाठी आयोडीनयुक्त मीठ हे धोरण १९८० च्या दशकात आले. साध्या मिठाच्या विक्रीवरील केंद्रीय बंदी २००० मध्ये उठवली गेली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. आयोडीनयुक्त मीठ घरोघरी पोहोचल्याने अभावातून होणारा गलगंड मागे पडला. आज शहरांत दिसणाऱ्या थायरॉईडच्या आजारांत शरीराच्या प्रतिकारयंत्रणेनेच ग्रंथीवर हल्ला करणे हे प्रमुख कारण असते आणि ते मिठाने टळत नाही.

पुरुष दवाखान्यात येतो

महाराष्ट्रात कामजीवनाविषयी उघड बोलण्याची सुरुवात र. धों. कर्वे यांनी केली. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यासाठी त्यांनी नोकरी गमावली आणि खटले सोसले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक असलेले कादंबरीकार ना. सी. फडके यांनीही १९२० च्या दशकात संततिनियमनाच्या बाजूने इंग्रजीत ग्रंथ लिहिला. या दोघांच्या लेखनात भर होता तो मुले मर्यादित ठेवण्यावर. मूल न होणाऱ्यांचा प्रश्न मागेच राहिला.

स्वातंत्र्यानंतरही तसेच घडले. १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि पुरुष मोठ्या संख्येने दवाखान्यात आला तो नसबंदीसाठी. आणीबाणीत सक्तीची नसबंदी झाली. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले, पण त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही. या जबरदस्तीने पुरुषाच्या मनात दवाखान्याची जी धास्ती बसली, तिने त्याच्या प्रजननस्वास्थ्याचे दीर्घकाळ नुकसान केले.

तपासणीची साधने याच काळात तयार होत होती. रक्तातील संप्रेरके मोजण्याची किरणोत्सारी पद्धत रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी शोधली. त्यासाठी यालो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईत परळला १९६३ मध्ये स्थापन झालेले रेडिएशन मेडिसिन सेंटर थायरॉईडच्या निदानाचे आणि उपचाराचे देशातील आघाडीचे केंद्र बनले. परळलाच १९७० मध्ये प्रजनन संशोधनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली आणि १९८६ मध्ये केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म झाला. १९९२ मध्ये ब्रुसेल्समध्ये एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याचे तंत्र यशस्वी झाले आणि अत्यल्प शुक्राणू असलेल्या पुरुषांनाही बाप होण्याची आशा मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० पासून वीर्यतपासणीची नियमावली प्रसिद्ध केली. तिच्या २०२१ च्या आवृत्तीत एका मिलिलिटरमागे १.६ कोटी शुक्राणू ही खालची संदर्भमर्यादा दिली आहे.

थायरॉईड आणि पुरुषाची जननक्षमता

थायरॉईडचे आजार स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतात. त्यामुळे तो बायकांचा रोग समजला गेला आणि पुरुषांच्या जननक्षमतेवरील त्याचा परिणाम उशिरा अभ्यासला गेला. वृषणांतील ज्या पेशी वाढत्या शुक्राणूंचे पोषण करतात, त्यांची वाढ आणि परिपक्वता बालपणापासून थायरॉईड संप्रेरकावर अवलंबून असते. प्रौढ वयात हेच संप्रेरक पुरुष संप्रेरकाची निर्मिती आणि शुक्राणूंची जडणघडण यांवर प्रभाव टाकते.

ग्रंथी अतिक्रियाशील झाली की लैंगिक संप्रेरकांना रक्तात बांधून ठेवणारे प्रथिन वाढते. टेस्टोस्टेरॉन या पुरुष संप्रेरकाचा एकूण आकडा वाढलेला दिसतो, पण मोकळे, कामाचे टेस्टोस्टेरॉन त्या प्रमाणात वाढत नाही. सोबत स्त्री संप्रेरक वाढते आणि काही पुरुषांत छाती सुजते. ग्रीसमध्ये क्रासास आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा पुरुषांच्या शुक्राणूंची हालचाल मंदावलेली आढळली आणि उपचारानंतर ती सुधारली.

ग्रंथी मंदावली की उलटे घडते. ते बांधणारे प्रथिन आणि टेस्टोस्टेरॉन दोन्ही घटतात. काहींत प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते, कामेच्छा कमी होते आणि ताठरता येण्यात अडचण होते. याच गटाने २००८ मध्ये दाखवले की अशा पुरुषांत प्रामुख्याने शुक्राणूंचा आकार बिघडतो आणि थायरॉक्सिन दिल्यावर त्यात सुधारणा होते. इटलीतील कारानी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये नोंदवले की ग्रंथी अतिक्रियाशील असलेल्या पुरुषांत शीघ्रपतन, तर मंद असलेल्यांत विलंबित वीर्यपतन आणि घटलेली इच्छा अधिक आढळते आणि उपचाराने हे त्रास बहुतांशी ओसरतात.

थायरॉईड हे पुरुष वंध्यत्वाचे सर्वांत मोठे कारण नाही. वृषणाच्या शिरा फुगणे, गालगुंडानंतरचा वृषणदाह, न उतरलेले वृषण, संसर्ग, मार्गातील अडथळा, आनुवंशिक दोष, तंबाखू आणि मद्य ही कारणे त्याहून जास्त वेळा सापडतात. व्यायामशाळांत काही तरुण स्नायू वाढवण्यासाठी घेतात ती टेस्टोस्टेरॉनसारखी औषधे शुक्राणूंची निर्मिती थांबवू शकतात. पूरक आहारातील बायोटिन या जीवनसत्त्वाचे मोठे डोस थायरॉईडच्या रक्ततपासणीचे आकडे चुकवू शकतात, म्हणून ते घेत असल्याचे डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. थायरॉईडचे महत्त्व वेगळ्या ठिकाणी आहे. ते साध्या रक्ततपासणीने सापडते आणि गोळीने आटोक्यात येते.

एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. त्यामुळे थायरॉईडची पातळी सुधारल्यावर वीर्याचा अहवाल सुधारायला किमान तीन महिने जाऊ द्यावे लागतात. थायरॉक्सिनची गोळी उपाशीपोटी, चहा-न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची असते. बरे वाटले म्हणून ती स्वतःहून बंद करणे घातक ठरते. किरणोत्सारी आयोडीनचा उपचार घेतलेल्या पुरुषाला काही महिने गर्भधारणा टाळावी लागते.

तपासणी दोघांची

आज कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयाला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची जोड आहे, खासगी प्रयोगशाळा आहेत आणि वंध्यत्वावर उपचार करणारे तज्ज्ञ आहेत. वंध्यत्व असलेल्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाचा दोष एकट्याने किंवा स्त्रीच्या दोषासह सहभागी असतो, हे वैद्यकाने निश्चित केले आहे. एक वर्ष नियमित प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही तर पती-पत्नी दोघांनी पहिल्याच भेटीत तपासणी करून घ्यावी. पुरुषाची वीर्यतपासणी स्वस्त आणि वेदनारहित आहे. दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर नमुना द्यायचा असतो आणि अहवाल बिघडलेला असेल तर ती पुन्हा करायची असते. वजनात विनाकारण बदल, सततचा थकवा, धडधड, हाताला कंप, गळ्याला सूज, कामेच्छेत घट किंवा घरात थायरॉईडचा आजार असेल तर पुरुषाने टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून घ्यावी.

दत्तकाची परंपरा आदराने जपावी अशीच आहे आणि ज्यांना हवी त्यांच्यासाठी ती वाट आजही खुली आहे. मात्र ती निवडण्यापूर्वी पुरुषाची तपासणी झालेली असली पाहिजे आणि तोवर कुणीही घरातल्या सुनेला वांझ म्हणू नये.